मोज्यातल्या बाटल्या

रविवारी दुपारी मुलीचे होणारे सासू-सासरे पहिल्यांदाच जेवायला येणार होते, आणि पंचनाम्यांवर घरच्यांनी एकच काम सोपवलं होतं. एक लाल वाईन आणायची आणि एक पांढरी. फार महाग नको, पण पाहुण्यांनी तोंड वाकडं करावं अशीही नको. मुलाचे वडील सुटीच्या दिवशी जेवताना एखादा पेला घेतात, असं मुलीला कळलं होतं. दुसरा कुणी असता तर जाता-येता उरकून टाकलं असतं हे काम. पण ते पंचनाम्यांच्या हाती दिलं, तिथेच घोडं पेंड खायला लागलं.

पंचनामे हे काही त्यांचं आडनाव नव्हे. ते विमा कंपनीत सर्व्हेअर होते. कुठे दुकान जळालं, कुठे गोदामात पाणी शिरलं, की नुकसान खरं का खोटं ते बघायला यांना धाडत. समोरचा रडतोय त्यातलं किती आतून येतंय आणि किती रचलेलं आहे, हे वेगळं काढण्यावरच त्यांचं पोट. खोट्या क्लेमवर त्यांनी जन्मात सही केली नव्हती. साहेबांनी डोळा मारला तरी नाही, मावसभावाने पाय धरले तरी नाही. म्हणून ऑफिसने त्यांना हे नाव बहाल केलं होतं आणि ते त्यांना चपखल बसलं होतं. अडचण एवढीच, की संध्याकाळी घरी आल्यावर हा माणूस चपला बाहेर काढायचा, पण संशय आत घेऊन यायचा.

त्याचं मोल मुलीने एकदा मोजलं होतं. मागे तिने एका मुलाला घरी आणलं होतं. पंचनाम्यांनी त्याला चहा दिला, हसून बोलले, आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या घरमालकाला फोन करून भाडं वेळेवर देतो का ते विचारलं. तो मुलगा पुन्हा या घरात दिसला नाही. मुलगी त्यानंतर बरेच दिवस वडिलांशी कामापुरतंच बोलत होती. हे दिवस पंचनाम्यांना फार जड गेले होते, फक्त त्यांनी ते कुणाला सांगितलं नव्हतं. म्हणून यावेळी तिने आधीच बजावलं.

"बाबा, मला तो मनापासून आवडलाय. यावेळी काही शोधून काढू नकोस. चौकशी नाही, फोन नाही, उलटतपासणी नाही. फक्त वाईन आण. हेही बिघडलं ना, तर मी परत तुला काही विचारायला येणार नाही."

पंचनाम्यांनी शब्द दिला. माणसांवर संशय घेणार नाही, असा. वाईनबद्दल ते काही बोलले नव्हते.

त्यांनी स्वतः कधी वाईनला हात लावला नव्हता. दुकानात शिरले तेव्हा गळ्यात साखळीने चष्मा अडकवलेल्या एक बाई काउंटरवर होत्या. त्यांनी हसतमुखाने स्वागत केलं, काय जेवण आहे, किती माणसं आहेत विचारलं, आणि छोट्या पेल्यांत थोडी थोडी वाईन ओतून पुढे केली. आधी रंग बघायचा, मग पेला जरा गोल फिरवायचा, नाक खाली नेऊन वास घ्यायचा, आणि मग एक घोट तोंडभर फिरवून शेजारच्या भांड्यात थुंकून टाकायचा. म्हणजे पुढची चव नीट कळते, असं बाईंनी समजावलं.

पंचनामे सावध झाले. स्वतःचा माल फुकट देते आणि वर थुंकून टाका म्हणते? पोटात गेला तर काय होईल अशी भीती वाटते की काय हिला? त्यांनी पहिला घोट बाईंच्या डोळ्याला डोळा भिडवून गिळला.

पण खरा धक्का पुढेच होता. बाईंनी खालच्या फळीवरची एक साधी लाल आणि एक साधी पांढरी उचलली आणि म्हणाल्या, "काका, या दोन न्या. वरच्या फळीवरच्या महाग आहेत, पण त्यात लेबलाचेच पैसे जास्त. जेवणाबरोबर याच बऱ्या लागतील."

आता सांगा, उभ्या नोकरीत पंचनाम्यांनी एक तरी दुकानदार असा पाहिला होता का, जो गिऱ्हाइकाला स्वस्तातला माल घ्या म्हणतो? नक्कीच माल पडून असणार. उन्हात राहिला असणार. त्यांनी बाटली उलटी केली, तर बुडाला आत गेलेला खोल खळगा. म्हणजे बाहेरून बाटली मोठी, आत वाईन कमी. एका बाटलीला बूच होतं आणि दुसरीला औषधाच्या बाटलीसारखं फिरवायचं झाकण. बाई म्हणाल्या, झाकणाने काही बिघडत नाही, उलट वाईन ताजी राहते. 'उलट' हा शब्द ऐकला की पंचनाम्यांचे कान टवकारत. जळालेल्या दुकानांचे मालकही फार वेळा 'उलट' म्हणायचे.

शेवटी त्यांनी बाईंचा सल्ला नाकारला आणि स्वतःच्या अकलेने तीन-चार लाल, तीन-चार पांढऱ्या उचलल्या. सगळ्या मधल्या फळीवरच्या, ना धड स्वस्त ना धड महाग. दारापर्यंत गेले आणि परत फिरले. तपासणी पूर्ण हवी तर संशयित मालही हवाच. बाईंनी सुचवलेल्या दोन्ही बाटल्याही त्यांनी घेतल्या. बाईंनी आनंदाने मोठी पिशवी दिली, तो आनंदही त्यांना खटकला.

शनिवारी दुपारी घरात चाचणी बसली. परीक्षक तिघे. स्वतः पंचनामे, त्यांची बायको, आणि बायकोचा भाऊ. या मेव्हण्याला जगातलं सगळं कळायचं. पंखा का गरगरतो इथपासून सरकार का पडतं इथपर्यंत. वाईनही कळतेच, असं त्याने दारातच जाहीर केलं. पंचनाम्यांना तेवढं पुरेसं होतं. लेबल बघून कुणी पोपटपंची करू नये म्हणून त्यांनी प्रत्येक बाटलीवर आपला एकेक मोजा चढवला. राखाडी, काळे, निळे, एक अंगठ्याला भोक पडलेला. बायकोने कपाळाला हात लावला. धुतलेत ना, एवढंच तिने विचारलं.

शिवाय पंचनाम्यांनी एक सापळा लावला होता. लाल वाईनची एक बाटली त्यांनी गुपचूप दोन बाटल्यांत विभागली आणि दोन वेगळ्या मोज्यांत घातली. मेव्हण्याने निळा मोजा चाखला आणि डोळे मिटले. जुन्या लाकडाचा वास आहे म्हणाला, ही वाईन विचार करायला लावते म्हणाला. मग भोकाचा मोजा चाखून तोंड पुसलं. ही उथळ, ही पोरांची वाईन.

"दोन्ही एकच आहेत," पंचनामे म्हणाले आणि मोजे उतरवले.

क्लेम नामंजूर करताना त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान यायचं, तेच यावेळीही आलं. मेव्हण्याच्या चेहऱ्यावर मात्र काहीच आलं नाही. तो उठला, चपला घातल्या, आणि जिना उतरताना साऱ्या इमारतीला ऐकू जाईल अशा आवाजात बोलत गेला. भर दुपारी घरात बाटल्यांची रांग मांडून बसलाय हा माणूस, आणि घरी आलेल्या पाहुण्याची इज्जत काढतोय. खालच्या मजल्यावरची दोन दारं उघडल्याचा आवाज आला आणि पुन्हा बंद झाल्याचा आवाज आला नाही.

चाचणी पुढे नवरा-बायकोनेच संपवली. एक लाल बायकोला फार तुरट लागली, कच्च्या जांभळासारखी. एक पांढरी नुसतीच गोड, सरबत बरं. हळूहळू पंचनाम्यांनाही गंमत वाटायला लागली. जिभेच्या कडेला येणारा आंबटपणा, घोट गेल्यावर मागे राहणारी चव, हे त्यांना नीट वेगळं ओळखू यायला लागलं. अखेर दोघांचं एकमत झालं. काळ्या मोज्यातली लाल आणि राखाडी मोज्यातली पांढरी. मोजे उतरवले, तर बाईंच्या खालच्या फळीवरच्याच त्या दोन बाटल्या. बायको हसून हसून आडवी पडली. बाईंना हे आधीपासून कसं माहीत होतं हा प्रश्न मात्र पंचनाम्यांच्या डोक्यातून जाईना.

निवडलेल्या दोन्ही बाटल्यांतून चव घेण्यापुरतीच वाईन गेली होती, पण उष्टी बाटली पाहुण्यांना कशी द्यायची? बायकोने त्यांना पुन्हा दुकानात पिटाळलं आणि तशाच नव्या दोन आणवल्या. उरलेल्या उघड्या बाटल्यांचं काय करायचं, हा पुढचा प्रश्न. उद्या व्याही येणार आणि स्वयंपाकघरात बाटल्यांची पलटण? बायकोने सांगितलं, ओता मोरीत आणि बाटल्या आत्ताच्या आत्ता खाली टाकून या. पंचनाम्यांनी हळहळत एकेक बाटली रिकामी केली. शेवटची लाल वाईन मोरीच्या जाळीवरून उसळली ती थेट त्यांच्या पांढऱ्या शर्टावर. घरभर वास कोंदला, पाइपातून खाली गेला, जिन्यात पसरला. त्यांच्या अंगाला तर असा वास येत होता, की जणू हा माणूस महिनाभर दारूच्या पिंपातच मुरत पडला होता. पोटात मात्र मोजून चार-दोन घोट गेले होते.

बाटल्या वाजू नयेत म्हणून त्यांनी त्या पुन्हा मोज्यांत घातल्या, पिशवीत भरल्या आणि जिना उतरू लागले. ताकाला जाऊन भांडं लपवायची ही हौस नडली. पहिल्याच वळणावर पिशवीचा बंद तुटला. बाटल्या आदळल्या, आणि निळ्या मोज्यातली एक गडगडत पायऱ्यांवरून खाली गेली ती एका अनोळखी गृहस्थाच्या बुटाशी जाऊन थांबली.

गृहस्थ वयस्कर होते, इस्त्रीचे कपडे, मिशा कातरलेल्या. त्यांनी वाकून ती वस्तू उचलली. मोज्यात बोट घालून आत काय आहे ते पाहिलं. मग वर पंचनाम्यांकडे, त्यांच्या शर्टाकडे पाहिलं, आणि काही न बोलता बाटली परत दिली. जायला निघालेले पंचनामे त्यांच्या पुढच्या प्रश्नाने थबकले.

"इथे वरती विमा कंपनीतले एक गृहस्थ राहतात. माणूस म्हणून कसे आहेत हो?"

पंचनाम्यांच्या अंगावर काटा आला. हा कुठल्या तरी नामंजूर क्लेमवाल्याचा हेर. त्यांनी उलट विचारलं, आपलं काय काम आहे त्यांच्याकडे?

"काम काही नाही. आपली सहज चौकशी."

सहज चौकशी! हे शब्द तर पंचनाम्यांचे स्वतःचे. प्रत्येक सापळ्याच्या आधी ते हेच म्हणत. म्हणजे हा कसलेला माणूस होता. याला इथूनच वाटेला लावायला हवं होतं. ते खालच्या आवाजात म्हणाले, "माझं ऐका, त्या माणसाच्या नादी लागू नका. भयंकर विक्षिप्त आहे. घरी आलेल्या माणसाला धड बोलू देत नाही."

गृहस्थांनी मान डोलावली. मग पिशवीकडे बघत हळूच विचारलं, "आणि पिणं वगैरे?"

"ते त्यालाच माहीत. मी कुणाच्या भानगडीत पडत नाही," पंचनामे म्हणाले. गृहस्थ आभार मानून विचारात पडलेले असे परत फिरले, आणि एका हेराला दारातून परतवल्याच्या आनंदात पंचनामे त्या रात्री गाढ झोपले.

रविवारी घंटी वाजली. दार पंचनाम्यांनीच उघडलं. उंबऱ्याबाहेर मुलगा उभा होता, त्याची आई उभी होती, आणि मध्ये कातरलेल्या मिशांचे ते गृहस्थ उभे होते.

पायाखालची जमीन सरकते म्हणतात ती कशी, हे पंचनाम्यांना त्या दिवशी कळलं. मुलाचे वडील निवृत्त मुख्याध्यापक होते, मुलीने सांगितलंही होतं. मुख्याध्यापकांनी नमस्कार केला, आत येऊन बसले, पाण्याचा पेला घेतला आणि खोलीचं निरीक्षण करत राहिले. वर्गात शिरल्यावर कुणाच्या बाकाखाली काय आहे ते आधी बघून घ्यावं, तसं. टेबलावर दोन बाटल्या मांडलेल्या होत्या, लालही, पांढरीही. बायकोने पांढरी नुकतीच फ्रीजमधून काढली होती.

"काल आपली जिन्यात भेट झाली," मुख्याध्यापक शेवटी शांतपणे म्हणाले.

मुलीने वडिलांकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, फक्त त्यातला जीव गेला. पंचनाम्यांनी ती नजर ओळखली. मागच्या वेळी तो मुलगा गेला तेव्हा ती अशीच बघत होती.

त्यांनी खरं ते सगळं सांगायला सुरुवात केली. मी घेत नाही. त्या बाटल्या तुमच्यासाठी आणल्या होत्या. म्हणजे तुमच्यासाठी कुठली आणायची ते ठरवण्यासाठी आणल्या होत्या. मोजे लेबल झाकायला होते. शर्टावर सांडली ती ओतून देताना सांडली. आणि जिन्यात मी स्वतःबद्दल जे बोललो ते तुम्ही हेर आहात असं वाटून बोललो. बोलता बोलता स्वतःचंच बोलणं त्यांच्या कानावर पडत होतं, आणि त्यांच्यातला सर्व्हेअर मान हलवत होता. हा क्लेम समोर आला असता तर त्यांनी तो वाचायच्या आधी नामंजूर केला असता. एकही गोष्ट पटण्यासारखी नव्हती. आणि एकूण एक खरी होती.

बायकोने साक्ष दिली, पण बायकोची साक्ष कोण धरतं? मुलगा म्हणाला, बाबा जाऊ दे ना आता. त्याची आई पदराशी चाळा करत होती. मुख्याध्यापकांनी मात्र हात वर केला.

"मी कुणावर आरोप करत नाही. पण मुलाचं घर बांधायचं तर पाया बघायला हवा. माझ्या मोठ्या भावाचा संसार याच एका गोष्टीने धुळीला मिळाला, मी डोळ्यांनी पाहिलंय. तुम्ही म्हणता तुम्हाला यातलं काही कळत नाही. ठीक. मग डोळे बांधून ओळखता येतं का बघू. रोज घेणारा नुसत्या वासावर सांगतो."

मुलगी म्हणाली, हे असलं काही करायचं नाही. पण पंचनाम्यांनीच तिला थांबवलं. त्यांना हायसं वाटलं होतं. परीक्षा म्हणजे त्यांच्या ओळखीचा प्रांत. मुख्याध्यापकांचं काम चोख होतं. फ्रीजचा गारवा लागून ओळखू येऊ नये म्हणून त्यांनी पांढरी वाईन पेल्यात ओतून बराच वेळ तशीच ठेवली. मग बायकोने नवऱ्याच्या डोळ्यांवर स्वच्छ टॉवेल बांधला आणि त्यांच्या हातात पहिला पेला आला.

पंचनाम्यांनी पेला नाकाजवळ नेला आणि त्यांना घाम फुटला. काही केल्या न कळायला हा काही दुकानातला पहिला दिवस नव्हता. शनिवारच्या दुपारने त्यांना सगळं शिकवून ठेवलं होतं. पांढरी. राखाडी मोजा. घोट घेतला, तर जिभेच्या कडेला तोच आंबटपणा, मागे तीच हलकी चव. लाखांत ओळखली असती. खरं बोलावं तर मी रोजचा पिणारा ठरतो. आणि खोटं बोलावं? बड्याबड्यांची मर्जी मोडून त्यांनी जे कधी केलं नव्हतं ते आता करायचं होतं, तेही टॉवेल बांधून, सगळ्यांसमोर. डाव्या बाजूला मुलगी बसली होती. तिने श्वास रोखून धरलेला त्यांना ऐकू येत होता.

"ही लाल," पंचनामे म्हणाले.

कुणीतरी फिसकन हसलं. दुसरा पेला आला, काळ्या मोज्यातली लाल. त्यांनी ती तोंडात फिरवली, विचार केल्यासारखं केलं, आणि पांढरी आहे म्हणून सांगितलं. मग मात्र सगळेच हसले. मुलाची आई तर डोळे पुसायला लागली. बायकोने टॉवेल सोडताना त्यांच्या खांद्याला बारीकसा चिमटा काढला. मुख्याध्यापक उठले आणि त्यांनी पंचनाम्यांचा हात हातात घेतला. माफ करा म्हणाले, आता जेवू या.

जेवण उत्तम झालं. दोन्ही वाईन सगळ्यांना आवडल्या. विहीणबाईंनी पांढरी दोनदा मागून घेतली आणि कुठून आणली ते विचारलं. पंचनाम्यांनी दुकानातल्या बाईंचं इतकं कौतुक केलं, की बायको त्यांच्याकडे बघतच राहिली. मुलगी आणि तो मुलगा गॅलरीत उभं राहून बोलत होते आणि मधूनच तिचं हसणं आत येत होतं. आपण खोटं बोललो आणि काही कोसळलं नाही, याचं पंचनाम्यांना राहून राहून नवल वाटत होतं.

निरोपाच्या वेळी बाकीचे जिन्यात पुढे गेले. मुख्याध्यापक बूट घालायला मागे रेंगाळले. लेस बांधता बांधता ते खाली बघूनच बोलले.

"इतकी वर्षं परीक्षा घेतल्या. कॉपी करणारे पाहिले, शेजाऱ्याचं बघून लिहिणारे पाहिले. येत असलेलं उत्तर मुद्दाम चुकवणारा पहिल्यांदाच पाहिला."

पंचनाम्यांचा हात दाराच्या कडीवरच राहिला. कशावरून, एवढंच त्यांना कसंबसं विचारता आलं.

"उत्तर द्यायच्या आधी डोळ्यांवर टॉवेल असून तुमचं तोंड मुलीकडे वळलं," मुख्याध्यापक उठत म्हणाले. "पिणाऱ्या माणसाचं तोंड पेल्याकडे वळतं. माझ्या भावाचं कधी दुसरीकडे वळलं नाही."

त्यांनी पंचनाम्यांच्या पाठीवर थाप मारली आणि जिना उतरून गेले. पंचनामे दारात उभे राहिले. विचारण्यासारखं बरंच होतं, पण त्यांना काहीच विचारावंसं वाटेना.